व्हॉल्व्ह इटलीचा आहे का, हे विचारण्याआधी

वाचकाचे पत्र

"मी माहीमला राहते आणि गेली सहा वर्षे स्कूबा डायव्हिंग शिकवते आहे. आता दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचा छोटा वर्ग सुरू करीत आहे. तलावातील सराव मुंबईत आणि समुद्रातील डाइव्ह तारकर्लीला, अशी आखणी आहे. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे आठ जुने सिलिंडर आहेत आणि त्यांचे व्हॉल्व्ह बदलायचे आहेत. दारूखान्यातील जहाजांच्या भंगाराच्या एका व्यापाऱ्याकडे बारा व्हॉल्व्ह मिळाले आहेत. माल इटलीचा आहे आणि जहाजावरून उतरलेला आहे, असे तो सांगतो. किंमत नव्या व्हॉल्व्हच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. माझे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी हातात घेऊन पाहिले आणि पितळ चांगले वजनदार आहे, असे सांगितले. नमुन्यादाखल एक व्हॉल्व्ह घरी आणून आमच्या सिलिंडरला लावून पाहिला, तो व्यवस्थित बसला. माल खरोखर इटलीचा आहे हे कसे ओळखावे, आणि तो तसा असेल तर घ्यावा का? चार छायाचित्रे सोबत जोडली आहेत."

उत्तर

नमस्कार. तुमचे पत्र वाचले आणि चारही छायाचित्रे मोठी करून पुन्हा पुन्हा पाहिली. तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण ज्या गोष्टीविषयी तुम्हाला शंकाच आलेली नाही, तिच्यापासून मला सुरुवात करावी लागेल. नमुन्याचा तो व्हॉल्व्ह अजून सिलिंडरवर असेल, तर कृपया त्या सिलिंडरमध्ये हवा भरू नका. तो हातानेच उलगडून बाजूला ठेवा. हवा आधीच भरलेली असेल, तर मात्र सिलिंडर हलवू नका, त्याला पाना लावू नका, घरातील कोणालाही त्याच्याजवळ जाऊ देऊ नका आणि तो रिकामा करण्याचे काम सिलिंडर तपासणी केंद्रातील जाणत्या माणसावर सोपवा.

एवढ्या घाईने हे सांगण्याचे कारण तुमच्याच छायाचित्रांत आहे. दुसऱ्या छायाचित्रात व्हॉल्व्हच्या मानेवर, आटे सुरू होतात त्याच्या थोडे वर, "एम २५ × २" असा छाप स्पष्ट वाचता येतो. हा युरोपात रूढ असलेला मेट्रिक आटा आहे. चौथ्या छायाचित्रात तुमच्या सिलिंडरचा खांदा दिसतो आणि त्यावर "डीओटी-३एएल" आणि त्यापुढे ३००० हा आकडा ठोकलेला आहे. याचा अर्थ तो सिलिंडर अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमांनुसार बनलेला आहे आणि त्याचा कार्यदाब ३००० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ बार आहे. अशा सिलिंडरच्या तोंडाचा आटा बहुतेक वेळा पाऊण इंची, दर इंचाला १४ चुड्या (म्हणजे आट्याचे वळसे) असलेला आणि एनपीएसएम या नावाने ओळखला जाणारा असतो. तुमच्या सिलिंडरचा आटा तोच असेल, तर त्या तोंडात तुम्ही लावून पाहिलेला व्हॉल्व्ह त्याच्यासाठी बनलेलाच नाही.

मग तो बसला कसा, हा प्रश्न तुमच्या वडिलांना नक्की पडेल, म्हणून आकडे देतो. मेट्रिक व्हॉल्व्हचा बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आणि दोन चुड्यांमधील अंतर २ मिलिमीटर असते. पाऊण इंची (हे नाव पाइपच्या मापावरून पडलेले, आट्याच्या व्यासावरून नव्हे) एनपीएसएम व्हॉल्व्हचा बाहेरचा व्यास २६ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त, आणि चुड्यांमधील अंतर सुमारे १.८१ मिलिमीटर असते. म्हणजे मेट्रिक व्हॉल्व्ह त्या तोंडापेक्षा सव्वा-दीड मिलिमीटरने बारीक असतो. तो आत जातो, फिरतो, ओ-रिंग, म्हणजे मानेभोवतीचे रबरी कडे, दाबली जाईपर्यंत खाली उतरतो आणि ओ-रिंग हवा अडवते, त्यामुळे साबणाच्या पाण्यात बुडबुडासुद्धा दिसत नाही. मात्र आतल्या आणि बाहेरच्या चुड्या एकमेकींत पूर्ण शिरलेल्या नसतात, त्यांची फक्त टोके एकमेकांना टेकलेली असतात. उलट प्रकार, म्हणजे जाड एनपीएसएम व्हॉल्व्ह मेट्रिक तोंडात घालणे, शक्यच होत नाही, म्हणून तो धोका आपोआप टळतो. जो प्रकार घडू शकतो, तोच घातक आहे.

किती घातक, ते साध्या गणिताने कळते. २५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर होते. २०० बार दाबाला त्या क्षेत्रफळावर जवळजवळ १,००० किलो भार येतो. सिलिंडर भरताना एक टन वजन त्या व्हॉल्व्हला बाहेर ढकलत असते आणि त्याला धरून ठेवणाऱ्या असतात फक्त चुड्यांच्या कडा. अ‍ॅल्युमिनियम पितळापेक्षा मऊ असल्याने त्या कडा सोलल्या जातात आणि व्हॉल्व्ह तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. हे कधी पहिल्याच भरणीला होते, तर कधी पाच-सहा भरण्या सुरळीत पार पडल्यावर होते. जगात याच चुकीने माणसे जायबंदी झाली आहेत आणि दगावलीही आहेत. आटा इतका कळीचा का, ते यावरून लक्षात येईल. बाकीच्या बहुतेक दोषांत गळती होते, रेग्युलेटर (सिलिंडरमधील दाब कमी करून श्वासाला हवा देणारे यंत्र) खराब होतो किंवा डाइव्ह रद्द करावी लागते. हा दोष मात्र कंप्रेसरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर उठतो, आणि तो माणूस अनेकदा हवा भरण्याच्या कामावर ठेवलेला विशी-बाविशीतला मुलगा असतो.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये तपासणीसाठी आलेल्या सिलिंडरमधून व्हॉल्व्ह काढताना तो नेहमीपेक्षा फारच सहज सुटला, म्हणून मी थांबलो. ओ-रिंग काढून घेतली आणि तोच व्हॉल्व्ह पुन्हा हाताने तीन वळसे आत फिरवला. मग वरचे टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवले, तर तो हलणाऱ्या दातासारखा डुलत होता. बॅटरीच्या उजेडात तोंडाच्या आत पाहिले, तेव्हा वरच्या चार-पाच चुड्यांच्या कडा चकाकत होत्या, जणू कोणी त्यांवरून कानस फिरवली होती. खालच्या चुड्या मात्र जशाच्या तशा होत्या. त्या सिलिंडरमध्ये त्याआधी किती वेळा हवा भरली गेली होती, ते त्याच्या मालकालाही सांगता आले नाही. ओ-रिंग असताना हे डुलणे कळत नाही, कारण ती पाचरीसारखी मधली जागा भरून काढते. म्हणून तपासणी नेहमी ओ-रिंग काढूनच करावी.

तुमच्या वडिलांच्या हत्यारपेटीत पिच गेज आणि व्हर्निअर नक्की असतील. व्हॉल्व्हचे आटे केरोसीनने स्वच्छ धुऊन पुसावेत आणि पिच गेजचे २ मिलिमीटरचे आणि दर इंचाला १४ चुड्यांचे अशी दोन्ही पाती उजेडासमोर धरून लावून पाहावीत. योग्य पाते चुड्यांत असे बसते की मधून उजेडाची रेघही दिसत नाही. खात्रीसाठी पाच चुड्यांचे अंतर मोजावे. मेट्रिकमध्ये ते १० मिलिमीटर भरते आणि एनपीएसएममध्ये सुमारे ९.१ मिलिमीटर. एवढा फरक व्हर्निअरवर सहज कळतो. सिलिंडरच्या तोंडाचे आटे आतले असल्याने तेथे मोजमाप अवघड जाते आणि त्यासाठी तपासणी केंद्रात असलेले गो आणि नो-गो प्लग गेजच (एक बाजू आत जायला हवी आणि दुसरी जाता कामा नये, असे माप) वापरावे लागते. येथे अंदाजावर जाऊ नये. शिवाय ब्रिटिश पद्धतीचा पाऊण इंची बीएसपी आटाही आहे. त्याच्याही इंचाला १४ चुड्या असतात आणि व्यासही जवळजवळ तोच असतो, पण चुडीचा कोन ६० ऐवजी ५५ अंशांचा असतो. नळकामाच्या दुकानातील पितळी फिटिंग पाहणाऱ्याला हा आटा ओळखीचा वाटतो, आणि म्हणूनच तो फसवतो.

या निमित्ताने आणखी एक सांगतो. हे सर्व समांतर आटे आहेत आणि हवा अडवण्याचे काम त्यांचे नाही, ते ओ-रिंगचे आहे. त्यामुळे सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप यांपैकी काहीही येथे लावू नये. एखाद्या जुन्या व्हॉल्व्हच्या आट्यांवर टेपचे तुकडे अडकलेले दिसले, तर तो आधी अजाण माणसाच्या हातातून गेला आहे, एवढे नक्की समजावे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. व्यापाऱ्याने सांगितलेली जहाजाची गोष्ट मला पटत नाही. मालवाहू जहाजांवर श्वसनासाठी हवेचे सिलिंडर असतात हे खरे, पण ते आग विझवणाऱ्यांसाठी असतात. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार ते जहाजांवर ठेवावेच लागतात आणि जहाज मोडीत निघाले की त्यांच्यासह बरेच सामान दारूखान्यात येते. युरोपीय धाटणीच्या अशा सिलिंडरचे व्हॉल्व्ह बहुधा एम १८ × १.५ या बारीक आट्याचे असतात. तुमच्या छायाचित्रातील व्हॉल्व्ह तसे नाहीत. ते डायव्हिंगसाठीच बनलेले दिसतात, पण मग जहाजावरून डझनभर एकसारखे उतरण्याचे कारण उरत नाही. यावरून माल चोरीचा किंवा बनावट आहे असे मी म्हणणार नाही. विकणाऱ्याने सांगितलेला इतिहास मालाशी जुळत नाही, इतकेच मी म्हणेन. दारूखान्यातून मीही पितळी दिवे, शिडाचे कप्पे आणि दोरखंड आणले आहेत आणि ते उत्तम निघाले आहेत. २०० बारचा दाब मात्र दिव्यात कोंडायचा नसतो.

इटलीचा म्हणून जो पुरावा तुम्हाला दाखवला गेला, तो पहिल्या छायाचित्रात आहे, म्हणजे मुठीच्या टोपणावरील तिरंगी स्टिकर. मूठ आणि तिचे टोपण हा व्हॉल्व्हचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. एक नट काढला की दोन मिनिटांत दुसरी मूठ बसते. म्हणून मुठीवरील नाव, रंग आणि झेंडा हिशेबात धरू नये. पाहायचे असेल तर अंगाकडे पाहावे, म्हणजे पितळाच्या मुख्य घडीव भागावर काय ठोकले आहे तिकडे. तेथे बनवणाऱ्याचे चिन्ह, आट्याची खूण, कार्यदाब आणि उत्पादनाची तारीख किंवा तुकडीचा क्रमांक असायला हवा. युरोपीय बाजारासाठी बनलेल्या व्हॉल्व्हवर "सीई" किंवा ग्रीक "पाय" अक्षराचे चिन्ह असते आणि त्याच्याशेजारी तपासणी संस्थेचा चार अंकी क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ००३६ हा क्रमांक जर्मनीतील ट्यूफ झ्यूड या संस्थेचा आहे. युरोपीय संघ या संस्थांची क्रमांकवार यादी सर्वांसाठी खुली ठेवतो, त्यामुळे क्रमांक मिळाला की संस्था कोणती ते घरबसल्या ताडून पाहता येते. तो क्रमांक तपासणी कोणी केली हे सांगतो, माल कोठे बनला हे सांगत नाही; जर्मन संस्थेचा क्रमांक इटलीच्या मालावरही असू शकतो आणि तैवानच्याही. तुमच्या व्हॉल्व्हवर "सीई" आहे, पण क्रमांक नाही, बनवणाऱ्याचे चिन्हही नाही आणि तारीखही नाही. उच्च दाबाच्या भागावर क्रमांकाविना नुसते "सीई" असणे, ही मला या सगळ्या मालातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

इटलीचे नाव पुढे का केले जाते, तेही समजून घेण्यासारखे आहे. त्या देशाच्या उत्तरेस ब्रेशा आणि लुमेझाने या परिसरात पितळी नळ, कॉक आणि गॅसच्या व्हॉल्व्हचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कावान्या समूह त्याच भागातला. डायव्हिंगचे अनेक नावाजलेले ब्रँड स्वतः व्हॉल्व्ह बनवत नाहीत. ते अशा मोजक्या कारखान्यांकडून बनवून घेतात आणि त्यावर आपले नाव घालतात. लक्झेंबर्गमधील रोटारेक्स, अमेरिकेतील थर्मो आणि शेरवूड ही नावेही या धंद्यात जुनी आहेत. तैवान आणि चीनमध्येही हा माल बनतो आणि त्यात उत्तम आणि निकृष्ट दोन्ही असतो. आपल्याकडे जामनगर पितळी सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही भंगार वितळवून जेमतेम काम चालवणारे आहेत, तसेच मोजून-मापून, प्रमाणपत्रासह माल परदेशी पाठवणारेही आहेत. म्हणून देशाचे नाव हा दर्जाचा पुरावा मानू नका. मी ज्याला पुरावा मानतो, तो एक कागद आहे. युरोपीय मानक १०२०४ नुसार दिले जाणारे "३.१" प्रमाणपत्र तुमच्या वडिलांच्या परिचयाचे असेल, कारण आपल्याकडील कारखान्यांतही ते रोज मागितले जाते. त्यात धातूच्या त्या विशिष्ट तुकडीचे रासायनिक पृथक्करण असते आणि तुकडीचा क्रमांक मालावरील क्रमांकाशी जुळतो. मालावर क्रमांकच नसेल, तर कोणताही कागद त्याला जोडता येत नाही.

आता तुमच्या वडिलांच्या मताविषयी. त्यांचा हात चुकलेला नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा चढवून बनवलेली नकली वस्तू पितळापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने हलकी लागते आणि फिटरच्या हाताला ते तत्काळ कळते. म्हणजे हे पितळ आहे, एवढे आपण धरून चालू. पितळ कोणते, घडीव की ओतीव, आणि आतून शाबूत आहे की नाही, हे मात्र वजनावरून कळत नाही. तुमचे तिसरे छायाचित्र पाहताना मला तेथेच शंका आली. हवा बाहेर पडण्याच्या तोंडाजवळ, जेथे मुलामा उडाला आहे, तेथे वाटाण्याएवढा गुलाबी-तांबूस डाग आहे. चिंच-मीठ लावून घासलेल्या पितळी घंगाळावर कधी कधी तांबूस झाक येते, तसाच हा रंग आहे. पण घंगाळावरची झाक वरवरची असते. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या पितळातून जस्त विरघळून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. ते दिसायला धातू असते, पण जोर धरत नाही. त्या डागावर पोलादी सुई टेकवून हलकेच दाबून पाहा. निरोगी पितळावर सुई घसरते, पोखरलेल्या ठिकाणी मात्र ती रुतते आणि तांबूस भुकटी निघते. रुतली, तर तो व्हॉल्व्ह मोडीतच घालावा. डाग आट्यांजवळ असेल, तर सुईची वाटही पाहू नये.

घडीव आणि ओतीव यांतील फरक मुलाम्याखाली दडतो, म्हणून जेथे मुलामा नसतो तेथे पाहावे, म्हणजे आट्यांवर आणि आतल्या छिद्राच्या भिंतीवर. घड्याळजी वापरतात तसले दहापट भिंग आणि छोटी बॅटरी पुरते. साच्यात दाबून घडवलेले पितळ दाट आणि गुळगुळीत दिसते. वाळूत ओतलेल्या पितळात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि त्या छिद्रांतून पुढे कधीतरी हवा पाझरू लागते. बारा नगांचा व्यवहार असेल, तर त्यांतला एक नग बळी देणे परवडते: तो उभा कापून घ्यावा, कापलेला पृष्ठभाग घासून चकचकीत करावा आणि मान्यताप्राप्त धातू प्रयोगशाळेकडून पृथक्करण करून घ्यावे. मुंबईत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा प्रयोगशाळा आहेत. व्हॉल्व्हसाठी वापरल्या जाणाऱ्या घडीव पितळात तांबे साधारण ५७ ते ६० टक्के, शिसे २ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बहुतेक जस्त असते. लोखंड आणि कथिल नको तितके निघाले, तर भंगार वितळवून केलेला माल आहे असे समजावे. आणि पितळाला अमोनियाचे वावडे असते. ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनियाने तडे जातात. म्हणून काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण व्हॉल्व्ह स्वच्छ करायला कोणी वापरत असेल, तर त्याला थांबवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या दुरुस्त करता येतात. मूठ दोन बोटांनी फिरली पाहिजे आणि बंद करताना अखेरीस मऊ थांबली पाहिजे. खरखर लागली किंवा बंद करायला मनगटाचा जोर लागला, तर आतली बैठक, म्हणजे हवा अडवणारी गादी, झिजली आहे. आत उतरणारी छोटी नळी जागेवर आहे का, ते पाहावे. सिलिंडर उलटा झाला तर तळाशी साचलेला गंज किंवा पाणी थेट रेग्युलेटरमध्ये जाऊ नये, हे तिचे काम असते आणि जुन्या मालात ती हमखास गायब असते. बाजूला दाब-सुरक्षा चकतीचा (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी चकती) छोटा नट असेल, तर तो व्हॉल्व्ह अमेरिकन नियमांप्रमाणे बनलेला आहे. युरोपीय व्हॉल्व्हवर ती चकती सहसा नसते. ती असली तर सिलिंडरच्या दाबाला जुळणारीच हवी, आणि जुनी असेल तर बदलूनच घ्यावी. बाजूला दांडीसारखी मूठ असलेला जुना राखीव-हवेचा व्हॉल्व्ह आढळला, तर तो संग्रहात ठेवावा, विद्यार्थ्यांना देऊ नये. रेग्युलेटर जोडण्याच्या तोंडाबाबत तुम्ही स्वतः शिकवता, तेव्हा एवढेच आठवण म्हणून सांगतो की शिकंज्याच्या (योक) पद्धतीची जोडणी २३२ बारपर्यंतच वापरायची असते आणि आट्याने जोडायच्या डिन पद्धतीत २०० बारला पाच चुड्या, तर ३०० बारला सात चुड्या असतात. वर्गात हवेऐवजी नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, देण्याचा विचार असेल, तर ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही असा कोणताही व्हॉल्व्ह त्यासाठी वापरू नका. आत राहून गेलेले तेल किंवा साधे ग्रीस जास्त ऑक्सिजनच्या संपर्कात पेट घेऊ शकते.

कायद्याची बाजू मुंबईत बसून टाळता येणार नाही, आणि माझ्या मते टाळूही नये. उच्च दाबाचे सिलिंडर आणि त्यांचे व्हॉल्व्ह "गॅस सिलिंडर नियम, २०१६" या नियमांखाली येतात. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली "पेसो", करते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे आणि पश्चिम विभागाचे कार्यालय बेलापूरला. सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह दोन्ही मान्य मानकाप्रमाणे बनलेले असावेत, त्यांची तपासणी प्रमाणपत्रे असावीत आणि मान्यता घेतलेली असावी, असा या नियमांचा रोख आहे. श्वसनयंत्राच्या सिलिंडरवरील व्हॉल्व्हसाठी आय. एस. ७३०२ हे भारतीय मानक आहे. तुम्ही आता स्वतःसाठी डाइव्ह करणार नाही, पैसे घेऊन दुसऱ्यांच्या मुलांना पाण्याखाली नेणार आहात. उद्या काही विपरीत घडले, तर विमा कंपनी आणि पोलीस ठाणे दोघेही पहिला प्रश्न बिलाचा आणि प्रमाणपत्राचा विचारतील, आणि दारूखान्यातील कच्च्या पावतीवर बनवणाऱ्याचे नावही नसेल.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की हा माल घेऊ नका, खरोखर इटलीचा निघाला तरी घेऊ नका. तुमच्या सिलिंडरचा आटा मी म्हणतो तोच निघाला, तर हे बाराही व्हॉल्व्ह कितीही चांगले असले तरी तुमच्या उपयोगाचे नाहीत. आणि निघाला नाही, तरी क्रमांक नसलेले "सीई" आणि तो तांबूस डाग यांमुळे मी ते वापरू देणार नाही. "नंतर कधी युरोपीय सिलिंडर घेतले तर लागतील" म्हणून घेऊन ठेवण्याचा मोहही आवरा. आपल्या किनाऱ्यावरील केंद्रांत दोन्ही पद्धतींचे सिलिंडर बाहेरून येतात आणि एकाच शेडमध्ये दोन आट्यांचे सुटे व्हॉल्व्ह पडून असणे, हीच त्या चुकीची सुरुवात असते.

नवे व्हॉल्व्ह घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: या नगाची बैठक, दांडा आणि ओ-रिंगचा संच सुटा मिळेल का, आणि त्याचा भाग-क्रमांक काय? जो बनवणाऱ्याचे नाव घेऊन, भाग-क्रमांकासह तो संच समोर ठेवतो, त्याचा माल कोठून आला हे त्याला माहीत असते. जो "नागदेवी स्ट्रीटला काहीतरी जुळेल" असे सांगतो, त्याला ते माहीत नसते. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात ओ-रिंग उत्तम मिळतात, मीही तेथूनच घेतो. बैठक मात्र बनवणाऱ्याचीच घालावी. आठ नव्या व्हॉल्व्हचा खर्च तुम्हाला एकदम झेपत नसेल, तर चारच घ्या आणि पहिल्या तुकडीत चारच विद्यार्थी घ्या.

त्याआधी आठही सिलिंडर तपासणी केंद्रात न्या. छायाचित्रातील सिलिंडरवर १९९४ सालचा छाप आहे, बाकीच्या सातांची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ल्यूक्सफर या कंपनीचे अमेरिकेत बनलेले आणि १९८८च्या मध्याआधीचे सिलिंडर त्यांत असतील, तर ते ६३५१ या मिश्रधातूचे असतात आणि त्या मिश्रधातूच्या मानेला सततच्या ताणाने तडे जाण्याचा दोष असल्याचे सिद्ध झाले आहे. ते सिलिंडर वेगळे काढा आणि त्यांवर नवे व्हॉल्व्ह वाया घालवू नका. उरलेल्यांची जलदाब चाचणी आणि तोंडाच्या आट्यांची गेजने तपासणी करून घ्या. मग प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर, हवा भरणाऱ्या मुलाला वाकून न पाहता दिसेल अशा जागी, पक्क्या रंगाने त्याच्या आट्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा. अक्षरे तुमच्या वडिलांकडून काढून घ्या. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाचे हस्ताक्षर धातूवर नीट उमटते, आणि सिलिंडर घरी परत आल्यावर आटे पुन्हा एकदा मोजून पाहिल्याशिवाय ते रंगाचा डबा उघडणार नाहीत, याची मला खात्री आहे.